तीन नंबरला भुशाचा वास

तापात माझं नाक गेलं. ताप चार दिवसांत उतरला, पण वास काही परत आला नाही. आणि मी कामाला कुठे, तर सेंटच्या दुकानात! अठरा वर्षं काउंटरवर उभी आहे. आता डोळे मिटून हुंगलं तर पाणी काय आणि सेंट काय, मला सारखंच.

मालकीणबाईंचा नियम साधा आहे. ज्याला वास कळत नाही त्याने मागच्या खोलीत खोकी भरायची. मी मनाशी पक्कं केलं, खोकी भरायला जायचं नाही. दोन महिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. माहीत होतं ते फक्त वन्संना.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्याकडेच असतात. दूध नासणार हे दुधाच्या आधी त्यांना कळतं.

या आठवड्यात सहा नवे सेंट आले. शनिवारी विक्रीला काढायचे होते. कंपनीने सोबत माहितीचा कागद पाठवला होता, त्यात सहाही नावांपुढे मोहक, स्वप्नवत, अविस्मरणीय. डोंबल! त्यातून गिऱ्हाइकाला काय कळणार? मी सहा कागदी पट्ट्यांवर एकेक फवारा मारला, पेनाने आकडे टाकले आणि वेगवेगळ्या पिशव्यांत घालून घरी नेल्या. वन्सं हुंगून सांगत गेल्या, मी लिहून घेत गेले. एक नंबर, संत्रं सोलल्यावर बोटांना येतो तो वास. चार नंबर, कोऱ्या वहीचा. तीनला सुताराच्या करवतीखालच्या भुशाचा, आणि सहाला उन्हात वाळलेल्या चादरीचा.

शनिवारी माझी जीभ नुसती सुटली होती. तीन नंबर हुंगून चार जणांनी माना डोलावल्या, हो हो, अगदी भुसाच म्हणाले. पाचवं गिऱ्हाईक नेमकं सुतार निघालं. त्याने पट्टी बराच वेळ नाकाशी धरली.

"बाई, हा भुसा नाही. माझा जन्म भुशात गेला. ही धुतलेली चादर आहे."

मालकीणबाईंनी वळून पाहिलं. माझ्याकडे सबब तयार होती, जरा अंगावर मुरू द्या, मग वास बदलतो. ती अठरा वर्षं वापरलीय मी. पण त्या माणसाचा चेहरा इतका सरळ होता की मला माझीच लाज वाटली.

"मला वासच येत नाही," मी म्हटलं. "दोन महिने झाले. मी सांगते ते माझ्या नणंदेच्या नाकाने."

मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या की सोमवारपासून मागे जायचं. मी म्हटलं, जाणार नाही. मग मी उरलेले पाचही सेंट त्या सुतारापुढे मांडले आणि म्हटलं, तुम्हीच शोधा. सहा नंबरवर तो थांबला. डोळे मिटून नुसता उभा राहिला.

"हा भुसा. तुमच्या नणंदेचं नाक खरं आहे, आकडा चुकलाय."

मी पर्समधून वन्संच्या पट्ट्या काढल्या. सेंटने शाई पार पलीकडे झिरपली होती. मागून पाहिलं तर माझा तीन चक्क सहा दिसत होता, आणि सहाचा तीन. वन्संनी त्या दोन पट्ट्या उलट्या धरल्या होत्या. मालकीणबाईंनी पट्टी चारदा उलटसुलट केली. आकडा चुकला म्हणून माणूस मागे पाठवायचा का, एवढंच मी विचारलं. त्यांनी पट्टी काउंटरवर ठेवली. मग म्हणाल्या, नणंदेला सोमवारी घेऊन या.

घरी वन्संना रडू आलं. माझ्यामुळे तुझी नोकरी जात होती, हेच त्यांचं चाललं होतं. आणि या वयात मी दुकानात काय करू, असंही. मी सांगितलं, हुंगायचं तुम्ही, बोलायचं मी, नऊला तयार राहा.

सोमवारी त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. पट्ट्यांवर आकडे त्यांनी अक्षरी लिहिले, तीन, सहा, ठळक. पहिली पट्टी भिजवली आणि स्वतःच्या नाकाशी न नेता माझ्या नाकाशी धरली.

"येतोय?"

"नाही."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "उद्या परत."