पिवळ्या ठिपक्याची बाटली

"सतराला चार!" पिंजऱ्यावर वाकलेली मान न उचलता उंदीरमामांनी सांगितलं.

"पाचपैकी चार? नक्की?" डॉक्टरबाई दारातच थबकल्या.

"या की, तुम्हीच बघा. चारी भिंती वर आल्यात, छप्पर तेवढं राहिलंय."

बाईंनी वाकून पाहिलं. आदल्या संध्याकाळी ठेवलेला कापसाचा चौकोन सतरा नंबरच्या उंदराने कुरतडून, पिंजून काढला होता आणि कोपऱ्यात वाटीसारखं घरटं करून त्यात अंग मुडपून तो झोपला होता. महिन्यापूर्वी तोच उंदीर कापसावरून चालत जाई, जणू कापूस तिथे नव्हताच.

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या उंदरांच्या या खोलीत मामांची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, पिंजरे धुणं. जगात डोंगर पोखरून उंदीर निघतो, आमच्याकडे उंदीर पोखरून डोंगर काढतात, असं ते नव्या माणसाला हमखास ऐकवत. विसराळूपणाच्या आजाराचे उंदीर घरटं बांधायचं सोडतात, हे त्यांच्या नजरेत कधीच भरलं होतं. बाई आल्या, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि रोज सकाळी गुण द्यायचं काम मामांकडेच सोपवलं.

औषधाच्या बाटल्या दोन होत्या. एकीवर निळा ठिपका, एकीवर पिवळा. एकीत औषध, दुसरीत नुसतं तसंच कडवट पाणी. कुठलं कशात, हे मामांना माहीत नसावं असा नियम होता. पण सहा आठवडे डोळ्यांसमोर घरटी उभी राहत असताना माणसाने न ओळखायचं म्हणजे अवघडच. पिवळ्यात औषध होतं. मामांनी ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

"हे औषध नेमकं करतं काय हो, बाई?"

"केर काढतं." बाई स्टुलावर बसल्या. "प्रत्येक पेशी आपला कचरा आपणच गोळा करते, पिशवीत भरते आणि आतल्या आत जाळून टाकते. या आजारात मेंदूच्या पेशींचं ते काम मंदावतं. कचरा साचतो. आपण त्या झाडूवाल्याला हलवून जागं करतोय."

मामांनी मान डोलावली. मनात मात्र अक्का होती.

अक्का त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी अक्का शिवणाच्या कारखान्यात लागली आणि भावाला तिने लहानाचं मोठं केलं. लग्न दोघांनीही केलं नाही. तिने माझ्यासाठी, आणि मी मला कुणी विचारलंच नाही म्हणून, असं ते हसून सांगत. गेल्या दोन वर्षांत अक्काच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. मागच्या महिन्यात तिने पाच किलो बटाटे सोलले. एक संपला की आपण अजून सुरुवातच केली नाही, असं तिला वाटे. आठवडाभर दोघं बटाटेच खात होती. "चांगले लागलेत," अक्का रोज नव्याने म्हणे.

त्या गुरुवारी कामावरून निघताना मामांनी पिवळ्या ठिपक्याच्या बाटलीतलं थोडं औषध एका लहान बाटलीत ओतून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी संस्थेची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. बसमध्ये सबंध वेळ हात खिशावरच होता.

दिवसभर अक्काकडे बघणारी शेजारीण गेली, तसा त्यांनी चमचा काढला.

"हे काय रे?" अक्काने विचारलं.

"औषध. डोक्यासाठी."

"कडू आहे?"

"असेल थोडं."

"मग ये इकडे." तिने चमचा त्यांच्या हातातून घेतला. "पळू नकोस. नाक धर."

"अगं, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी..."

"दर वेळी तुझं हेच. आ कर!"

एकोणसाठ वर्षांच्या माणसाने आ केला. जीभ कडू झाली. अक्काने पदराने त्यांची हनुवटी पुसली, कपाळाला हात लावून ताप पाहिला. "गिळलंस ना? शहाणा माझा. उद्या शाळेला जाऊ नकोस."

बाटलीत अजून चमचाभर औषध शिल्लक होतं. मामा ते हातात धरून बसून राहिले. लहानपणी अक्का औषधाच्या बाटलीवरच्या रेघा खिडकीपाशी जाऊन दोन-दोनदा मोजायची, शंका आली तर दवाखान्यापर्यंत पायी विचारायला जायची. तिने त्यांना कधी अंदाजाने काही पाजलं नव्हतं. आणि ते उंदराच्या थेंबावरून अक्काचा चमचा ठरवायला निघाले होते. उठून त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

सकाळी ते बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "अक्कांनी घेतलं?"

"नाही. मी घेतलं. तिनेच पाजलं."

"आधी डॉक्टरकडे चला. बाकीचं नंतर."

डॉक्टरने तपासून काळजी नाही म्हटल्यावरच बाई रागावल्या, आणि चांगल्याच रागावल्या. "मामा, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास होता माझा! बरं, पिवळीच का घेतलीत?"

मामांनी खाली पाहिलं. "घरट्यांवरून कळलं."

"म्हणजे तुमचे गुणही आता निखळ राहिले नाहीत. हे मला लिहून कळवावं लागेल."

"लिहा. माझ्या नावानिशी लिहा."

कामावरून काढलं नाही, पण गुण द्यायचं काम गेलं. छायाचित्रं काढून ती दुसऱ्या संस्थेतल्या माणसाकडे पाठवायची, असं ठरलं. मामा भुसा बदलत राहिले. सवयीने आकडा ओठांवर येई, तो ते गिळून टाकत.

तीन महिन्यांनी निकाल आला. बाई स्वतःच तळमजल्यावर आल्या.

"पिवळंच होतं, मामा. तरण्या उंदरांना गुण आलाय, त्या परक्या माणसाच्या हिशेबानेही. पण पलीकडच्या खोलीतले म्हातारे उंदीर, ज्यांचा आजार फार पुढे गेला होता, ते आणखी बिघडले."

"ते कसं काय?"

"त्यांच्या पेशींची कचरा जाळणारी भट्टीच मंदावली होती. आपण झाडूवाल्याला जागं केलं, त्याने पिशव्या भरल्या, पण जाळायच्या कुठे? तुंबून राहिल्या. आता आधी भट्टीचं बघायला हवं. दोन-चार वर्षं तरी जातील."

मामांनी हातातला भुशाचा डबा खाली ठेवला. "म्हणजे त्या दिवशी अक्काला दिलं असतं तर..."

"माणसाचं मला माहीत नाही. खोटं नाही सांगणार. पण नाही दिलंत, बरं झालं." मग त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. "मोठ्या दवाखान्यात स्मृतीच्या आजारांचा विभाग आहे. सोमवारी यात लिहिलेल्या वेळेला अक्कांना घेऊन जा. बरं करणारं औषध नाही त्यांच्याकडे. पण नीट बघतात, आणि सांभाळणाऱ्यालाही विचारतात."

"सांभाळणाऱ्याला काय विचारायचंय?"

"जा तर खरं."

सोमवारी मामांनी रजा टाकली. अक्काने इस्त्रीची साडी नेसली, केस विंचरले. कुठे जायचंय हे तिने वाटेत चारदा विचारलं, मामांनी चारदा सांगितलं. दवाखान्यासमोरचा रस्ता मोठा होता, दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत होत्या. मामा तिला आधार द्यायला वळले, तेवढ्यात तिनेच त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"हात सोडायचा नाही," ती दरडावून म्हणाली. "आणि पळायचं नाही."

"नाही पळत."

समोरचा दिवा बदलला. मामांनी हळूच, तिला कळणार नाही इतपत, पाऊल दवाखान्याच्या दिशेने वळवलं. अक्का त्यांना ओढत रस्ता ओलांडून घेऊन गेली.