गळ आणि कवळी

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. टिंगल म्हणून नव्हे, धंदाच तो होता. घराच्या वरच्या खोलीत बसून बत्तीस वर्षं तो माणसांचे खोटे दात बनवत आला होता. दातांचे दोन-तीन डॉक्टर हिरड्यांचे ठसे प्लास्टिकच्या पिशवीतून पाठवत. सोबत एक चिठ्ठी असे: वय, दातांच्या रंगाचा नंबर, कधी हवी ती तारीख. तो ठशात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मेण काढून तिथे गुलाबी हिरडी पक्की करायचा, फिरत्या ब्रशवर घासून चकाकी आणायचा आणि माल परत पिशवीत घालून पाठवून द्यायचा. ती कवळी पुढे कोणाच्या तोंडात गेली, त्या तोंडाने काय खाल्लं, कोणाला शिव्या घातल्या, हे त्याला कधीच कळलं नाही.

बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. मुलगी राहायची विमानाने जावं लागेल इतकी लांब. तीन महिन्यांचं ठरलं होतं, पण मुलीला जुळी झाली आणि तिनाचे आठ महिने झाले. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"कसे आहात?"

"मजेत."

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं, ठेवू का? एक उठलंय."

"ठेव, ठेव."

एवढं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशीच्या फोनपर्यंत त्याचं तोंड बंद. खालचा दुकानदार "काय म्हणता?" विचारायचा, पण उत्तरासाठी थांबायचा नाही.

त्या वर्षी त्याचे डोळे दुखायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "दिवसभर वीतभर अंतरावर बघता. रोज तासभर तरी लांबचं बघत जा. झाडं, आभाळ, पाणी, काहीही."

शहराच्या टोकाला तलाव होता. तो चार वाजता काम आवरून तिथे जायला लागला. बांधावर बसायचं आणि पलीकडच्या काठाकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी तलावाचा पहारेकरी शेजारी येऊन उभा राहिला.

"काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. का बरं?"

"नाही, तीन दिवस नुसते पाण्याकडे बघताय. गेल्या वर्षी एक जण असाच..." पहारेकऱ्याने वाक्य तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्याने काठी, दोरी, गळ आणि एका हंगामाचा परवाना घेतला. हातात गळ असलेल्या माणसाला पाण्याकाठी कोणी काही विचारत नाही. मासे धरायचे असं त्याच्या मनातही नव्हतं.

तसं ते माशांच्याही मनात नव्हतं. दोन आठवडे गेले, दोरीला बांधलेलं बूच पाण्यावर डुलत राहिलं आणि गळाला लावलेली गांडुळं मात्र संपत राहिली. म्हणजे खाली कोणीतरी होतं, आणि ते फुकट जेवून जात होतं. त्याला राग यायला लागला. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते बूच डोळ्यांपुढे यायचं.

उजवीकडे तीसेक पावलांवर, जुन्या पंपघराच्या भिंतीशी, दर सोमवारी आणि गुरुवारी एक बाई गळ टाकून बसत. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, सडसडीत, डोक्यावर कापडी टोपी. पहारेकरी त्यांना सिस्टर म्हणायचा, कारण त्या सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्या बादलीत कायम काहीतरी फडफडत असे. एका गुरुवारी त्या उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुमची सावली पाण्यावर पडतेय," त्या म्हणाल्या. "तिथे मासा कशाला येईल? वेडा आहे का तो?"

तो सरकला. त्यांनी त्याची दोरी ओढून गळ हातावर घेतला. "आणि हा काय, मगर धरायचीय? याच्या निम्म्या आकाराचा आणा."

बोलताना शब्द फुसफुसत बाहेर पडत होते, ओठ आत वळले होते. त्याच्या लगेच लक्षात आलं, बाईंनी कवळी काढून ठेवलीय. कोटाच्या खिशात रुमालाची पुरचुंडी फुगलेली दिसत होती. खालची बसत नसणार, त्याने मनात ताडलं. हिरडी झिजली की खालच्या कवळीला धरून राहायला काही उरत नाही. ती बोलताना नाचते, खाताना टोचते. कोणी केलीय कोण जाणे. न जाणो, आपणच केली असेल, असंही वाटून गेलं.

त्याने काही विचारलं नाही. जेमतेम तोंडओळख असलेल्या बाईला दातांबद्दल कसं विचारणार?

पुढच्या महिनाभरात सिस्टरनी त्याला बरंच शिकवलं. तेही जाता-येता, एकेका वाक्यात. बांधावर पाय आपटत चालू नका, माशांना पावलं ऐकू येतात. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला बसा, खाणं तिकडे वाहून येतं. पाणी गढूळ असेल तर गांडूळ, नितळ असेल तर पिठाची गोळी. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, "बूच हललं की ओढता, तिथे चुकता. हलू द्या. तो नुसता चाखतोय. बूच तिरकं होऊन बुडालं की मग ओढा."

"आणि बुडालंच नाही तर?"

"तर नाही बुडालं. उद्या या."

पहिला मासा लागला तेव्हा तो तळहाताएवढासुद्धा नव्हता. तरी तो ओरडला. पंपघराशी बसलेल्या सिस्टरनी टोपी काढून वर केली आणि परत डोक्यावर ठेवली. बस, एवढंच. पण त्या संध्याकाळी घरी जाताना तो शीळ घालत होता, हे त्याला दारात किल्ली लावताना कळलं.

मग तो प्रकार घडला. सोमवार होता. सिस्टरच्या गळाला काहीतरी दांडगं लागलं. काठी कमानीसारखी वाकली. त्या उभ्या राहिल्या, एक पाय भिंतीला टेकवला. तो जाळी घेऊन धावला. मासा दोनदा उसळला, मिशाळ, काळा, चांगला हातभर. दुसऱ्या वेळी सिस्टर पुढे झुकल्या आणि कोटाच्या खिशातला रुमाल सुटून पाण्यात पडला. पांढरा रुमाल क्षणभर तरंगला. त्यातून गुलाबी काहीतरी निसटलं आणि खाली गेलं. तिथे पाणी दोन पुरुष खोल होतं.

सिस्टरनी काठी सोडली नाही. मासा काठाला आणला, त्याच्या जाळीत घेतला, गळ सोडवला. मग मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो, सोडला का?"

त्यांनी हाताने तोंड झाकलं, काठीला दोरी गुंडाळली, बादली उचलली आणि गेल्या.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही नाही. त्याला त्या आठवड्यात चार मासे मिळाले आणि चारही त्याने नीट पाहिले नाहीत. मान सारखी उजवीकडे वळत होती. इतके दिवस आपण डोळ्यांसाठी येतो, मग माशांसाठी येतो, असं त्याला वाटत होतं. आता पंपघराची भिंत मोकळी दिसली आणि त्याला समजलं की आपण कशासाठी येत होतो. तीस पावलांवर कोणीतरी बसलेलं असावं, इतकंच ते होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याला लाज वाटली.

तिसऱ्या आठवड्यात त्याने पहारेकऱ्याकडून पत्ता घेतला आणि पिशवीत ठसा घ्यायचे साचे, पावडर, वाटी असं सामान भरून निघाला. लाँड्रीच्या मागे दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दार चार बोटं उघडलं.

"कोण?"

"मी. तलावावरचा."

"काय हवंय?" हात तोंडावर होता.

"काही नाही. मी कवळ्या बनवतो. धंदाच आहे माझा."

फटीतून त्यांनी त्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग सिस्टर म्हणाल्या, "आणि दोन महिने शेजारी बसून बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? आगाऊपणा झाला असता."

दार उघडलं. खोली लहान आणि स्वच्छ होती. पलंगावरची चादर दवाखान्यातल्यासारखी कोपरे दुमडून घातलेली. टेबलावर पेजेचं भांडं. तीन आठवडे बाई पातळ खाण्यावर होत्या.

"चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या धुतल्या मी," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचा पेला वेगळा, वर नावाची चिठ्ठी. अगदी मोठे मोठे साहेब बघितलेत बोळके. पण माझं कोणी बघितलेलं मला चालत नाही. आता याला काय म्हणायचं ते म्हणा."

"मी बत्तीस वर्षं कवळ्या करतोय," तो म्हणाला, "आणि अजून एकही तोंड बघितलेलं नाही. ठसे घ्यायचं शिकलो होतो, पण वेळ आली नाही. तेव्हा तुम्ही लाजताय, मी घाबरलोय. फिट्टंफाट."

त्या हसल्या, हात खाली घेऊन.

ठसा घेताना सिस्टरच सांगत होत्या. "मान मागे नका करू माझी, घशात जाईल. पुढे वाकवा. हं. आता दाबून धरा आणि तुम्ही पण श्वास घ्या, निळे पडाल."

निघताना त्याने विचारलं, "दात कसे होते तुमचे? चिठ्ठी नाही, मला कसं कळणार?"

"पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते. आई म्हणायची, रांगेत घुसलेत."

"सरळ करू?"

"नको. तसेच करा."

त्याने तसेच केले. असं काम त्याने कधी केलं नव्हतं. मेणातला दात अर्धा मिलिमीटर फिरवायचा, लांब धरून बघायचा, पुन्हा फिरवायचा. कवळी बसली, पण पहिल्याच दिवशी टोचली. तो तीनदा कानस घेऊन गेला, तीनदा घासली. चौथ्या वेळी सिस्टरनी त्याच्यासमोर सफरचंद चावून खाल्लं, सावकाश, सालीसकट. तो स्टुलावर बसून बघत राहिला. अर्ध्यात त्यांनी विचारलं, "तुम्हाला हवंय का?" त्याने नुसती मान हलवली.

गुरुवारी त्या तलावावर आल्या आणि या वेळी पंपघराशी न जाता त्याच्याजवळ दहा पावलांवर बसल्या. संध्याकाळपर्यंत दोघं मिळून बारा वाक्यं बोलले असतील. त्यातलं एक होतं, "शनिवारी भाची येतेय न्यायला."

"किती दिवसांसाठी?"

"जिने चढवत नाहीत आता. तिच्याकडे तळमजला आहे."

म्हणजे कायमचं. त्याने बुचाकडे बघत विचारलं, "तिथे पाणी आहे का?"

"नळाला आहे," सिस्टर म्हणाल्या. दोघंही हसले. जाताना त्या म्हणाल्या, "कवळी उत्तम झालीय. लिहून पाठवेन." त्यांचं पत्र आलं नाही. पण तो त्यांना दोष देत नव्हता. पत्रं लिहिणारी ती बाई नव्हतीच.

हंगामाचे दोनच आठवडे उरले होते. पुढे विणीचे महिने, तलाव बंद. तो रोज जात राहिला. शेवटून तिसऱ्या दिवशी वारा पश्चिमेकडून होता म्हणून तो पूर्वेच्या काठाला बसला, सावली मागे ठेवून. बूच हललं. त्याने काही केलं नाही. पुन्हा हललं, थांबलं. मग तिरकं झालं आणि सरळ खाली गेलं.

पंधरा-वीस मिनिटं मासा त्याला खेळवत होता. दोरी तळव्यावर घासून कापली. शेवटी एकट्याने एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने जाळी घालावी लागली. सोनेरी खवल्यांचा मासा होता, त्याच्या दंडापेक्षा जाड. इतका मोठा मासा त्या हंगामात कोणी काढला नव्हता. "बघितलंत का!" तो ओरडला.

काठावर कोणी नव्हतं. पहारेकरीही फाटकाकडे गेला होता. त्याचा आवाज पाण्यावरून गेला आणि पलीकडे विरला. मासा ओल्या गवतावर तोंड उघडत मिटत होता. घरी नेला तर कापायला एक माणूस, खायला एक माणूस. त्याने गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात नेला आणि त्याला श्वास येईपर्यंत धरून ठेवला. एका झटक्यात तो निघून गेला.

संध्याकाळी फोन आला.

"कसे आहात?"

"आज एवढा मोठा मासा लागला," तो म्हणाला, "आणि दाखवायला कोणी नव्हतं." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला करमत नाही गं. घर खायला उठतं."

पलीकडे बाळ रडत होतं, त्याच्याकडे कोणी गेलं नाही.

"मग आठ महिने मजेत, मजेत काय चालवलं होतं?" बायकोने विचारलं. "मला वाटलं, तुम्हाला एकट्याला बरं वाटतंय. इथे मुलगी-जावई दिवसभर बाहेर, दोन पोरांशी बोबडं बोलून माझी मराठी गेली. मोठ्या माणसाशी बोलायला मिळावं म्हणून फोन करायचे, तर तुमचं एका शब्दात उत्तर."

"तूच म्हणायचीस ना, ठेवू का?"

"मग, ठेवू नको म्हणायचं की!"

लगेच येणं शक्य नव्हतं. पोरांना सांभाळणारी बाई मिळून ती रुळेपर्यंत दोन महिने लागणार होते. ते तिने सरळ सांगितलं, त्यानेही वाद घातला नाही. दोन महिने लांबच होते, आणि ते त्याला एकट्यानेच काढायचे होते.

"जेवलात?" तिने विचारलं.

"नाही."

"मग करा काहीतरी. फोन चालू राहू दे."

त्याने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले. तिकडे ती दुपट्यांच्या घड्या घालत होती; कापड झटकल्याचा आवाज येत होता. मध्येच तिने विचारलं, "मासा होता केवढा?" त्याने सुरी खाली ठेवली आणि अगदी पहिल्यापासून, वारा कुठून होता तिथपासून, सांगायला सुरुवात केली.