नाथामागचा लाल दिवा

मित्रांनो, मला कुणी 'डबा' म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून टाकते. वय झालंय, नाही कशाला म्हणू. मधल्या दाराची आतली कडी तुटली, तिथं सुतळी बांधली आहे. पांढरा रंग आता शिळ्या ताकासारखा दिसतो. पण मी थोर घराण्यातली आहे. मी आठ माणसांची, डिझेलवर चालणारी जपानी मोटार, तिसगावच्या बाजारतळापाशी कडुलिंबाखाली उभी असते, रोज नगरला दोन खेपा मारते.

माझं शिक्षण नंबरप्लेटीएवढंच. घराण्याची गोष्ट मात्र तोंडपाठ आहे. म्हणतात, आमचा मूळ पुरुष सुताराचा मुलगा. घरी आई हातमागावर दिवसभर वाकलेली असायची, ते त्याला बघवेना. त्याने हळूहळू सुधारत असा माग केला की एक धागा तुटला तरी तो जागच्या जागी थांबायचा. धागा जोडा, मग पुढे विणा. तुटक्या धाग्यावर कापड रेटायचं नाही. त्याच्या मुलाने माग सोडून मोटारी करायला घेतल्या, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. पहिल्या गाड्या रस्त्यात बंद पडायच्याही. घराण्यातली माणसं तिथवर जायची, गाडी दुरुस्त करायची आणि मान खाली घालून माफी मागायची. माफी मागायला जी छाती लागते ती आमच्या घराण्यात होती, म्हणून ते टिकलं.

त्या मागाचा गुण माझ्यात उतरला आहे. स्टिअरिंगमागच्या काचेत माझे काटे आहेत आणि दिव्यांची एक ओळ आहे. आत काही बिनसलं की मी दिवा लावते. बोलता येत नाही, तर निदान डोळे वटारते.

रक्त जपानी असलं तरी जन्म माझा कर्नाटकातला, आणि संसार सगळा नगर जिल्ह्यातला.

पहिले मालक श्रीगोंद्याचे काकासाहेब, मोठे ऊसवाले. त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं. ऑइल वेळेवर, पाणी वेळेवर, बसायला पांढरे अभ्रे. "हिच्यात बसलं की पोटातलं पानी हालत न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांच्या मंडळींचं मत वेगळं होतं. "जपानची मानसं बुटकी म्हनत्यात, मग पायरी एवढी उंच कुनासाठी केली? साडी सावरू का दार धरू?" एकाच घरात दोन मतं, आणि दोन्ही खरी. पायरी उंच आहेच माझी.

माझी आजची मालकीण लंकाबाई मला पहिल्यांदा दिसली ती त्यांच्याच उसाच्या फडात. ती पाथर्डीकडची, दर साली दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला यायची. दुपारी ती माझ्या सावलीला भाकरी सोडून बसली, तर ड्रायव्हर ओरडला, "ए बाई, उठ तिथनं. काचंला हात लागंल."

ती उठली. भाकरी फडक्यात बांधली, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हात लावत न्हाई बाबा. बसनारच हाय मी हिच्यात एक दिवस."

ड्रायव्हर हसला. मी हसले नाही. बाई बोलली त्यात दम होता.

अकरा वर्षांनी काकासाहेबांनी नवी गाडी घेतली आणि मी विकायला निघाले. लंकाबाई मुलाला घेऊन आली, माझ्या मागच्या बंपरवरचा पोचा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "हीच ती." हा पोचा फडात उसाची मोळी आदळून पडला होता. तिने बावीस हंगाम कोयता चालवला होता आणि एकच गोष्ट ठरवली होती, मुलाच्या हातात कोयता द्यायचा नाही. अजिनाथने वडाप, म्हणजे शिटामागे पैसे घेऊन माणसं नेण्याचा धंदा, चालवायचा, सून ज्योतीने घरी राहायचं, नात सृष्टीने एका शाळेत एक साल पूर्ण करायचं. लंकाबाईचं हे सगळं माझ्या चार चाकांवर उभं होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. काकासाहेबांकडे मी थाटाची होते, इथं गरजेची झाले.

आल्या दिवशी तिने मला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग मढीच्या कानिफनाथांची तळव्याएवढी तसबीर काढली. ती कागदाची होती, मागे चिकटपट्टी लावलेली. अजिनाथ म्हणाला, "आये, आरशापाशी लाव की."

"आरशात तू कितीदा बगतूस? गाडी चालवताना मानसाची नजर सारखी कुठं जाती?"

"काट्यावर."

"मग तितंच नाथ पायजे."

आणि तिने तसबीर त्या काचेवर चिकटवली. वेगाचा काटा दिसत राहिला. उष्णतेचा काटा आणि त्याच्याखालचा लाल दिवा नाथांच्या मागे गेला. त्या घरात आईशी वाद घालायची रीत नव्हती. मी तर मुकीच.

पाच-सहा वर्षं बरी गेली. रात्री जेवणं झाली की ज्योती मोबाईलवर माझ्या बहिणींबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवायची. लोक चांदण्या देतात म्हणे. "आत्याबाई, ह्यानं पाच चांदन्या दिल्यात. लिव्हलंय, तीन लाख किलोमीटर झालं, इंजिनाला हात लावला न्हाई. आन ह्यानं एकच दिलीया. म्हनतो, डिझेल लई पिती, पार्ट महाग, मागं गार वारं येत न्हाई."

लंकाबाई म्हणायची, "त्या एक चांदनीवाल्याला इचार, हिला कदी धुतली तरी का?"

ऐकून मला बरं वाटायचं. पण खरं सांगते, तोही अगदी खोटं बोलत नव्हता. डिझेल मी पिते. मागच्या शिटापर्यंत गारवा पोचत नाही. आणि माझे भाग काही बाजारात मेथीच्या जुडीसारखे मिळत नाहीत.

मग मागच्या उन्हाळ्यात माझी पाण्याची टाकी झिरपू लागली. खाली थेंब पडायचे ते धुळीत जिरायचे. सपाटीवर काही वाटायचं नाही. पण नगरला जाताना करंजी घाट चढावा लागतो. आत दहा माणसं (आठच बसा म्हटलं तर कोण ऐकतं), टपावर पोती, डोक्यावर ऊन. अर्ध्या घाटात माझं डोकं तापायचं आणि मी लाल दिवा लावायचे.

तो कागदातून उजळायचा. आणि पहिल्यांदा तो दिसला लंकाबाईला. ती पुढच्या शिटावर होती. नाथांच्या चेहऱ्यामागून तांबूस उजेड येताना तिने पाहिला आणि तिचे हात आपोआप जुळले.

"अजिनाथ, बग. नाथ जागा झाला."

माथ्यावर गार वारा लागला, मी निवले, उजेड गेला. दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा उजळला, माथ्यावर पुन्हा गेला. मग तर खात्रीच झाली. नाथ घाटात सोबत करतो आणि माथ्यावर सोडून जातो. ही गोष्ट तिसगावात चहाच्या टपरीवर गेली, तिथून बाजारात. दुसरे वडाप सोडून माणसं माझ्यात बसू लागली. म्हाताऱ्या बाया वाकून त्या तसबिरीला बोटं लावायच्या आणि डोळ्यांना लावायच्या. एक ज्योती तेवढी एकदा म्हणाली, "आत्याबाई, ह्याच्यामागं दिवं असत्यात. भीमा मेस्तरीला दावावं का?"

"नाथाला मेस्तरी कशाला?" लंकाबाईने तिला तिथंच गप्प केलं.

मित्रांनो, सांगा, मी काय करायचं? मी जीव तोडून ओरडत होते आणि लोक मला नमस्कार करत होते.

श्रावणात एका सोमवारी घाटाच्या तिसऱ्या वळणावर माझं डोकं फुटलं. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला, धाडकन आवाज झाला आणि मी थांबले. माणसं सुतळी ओढून उतरली. आतापर्यंत बोटं लावणारेच बोलू लागले. एक म्हणाला, "जपानी माल, दिसायला गोड." दुसरा म्हणाला, "हिच्यापरीस आपली जीप बरी, लाथ घातली तरी चालती." लंकाबाई रस्त्याकडेला दगडावर बसली होती. तिला वाफेपेक्षा ते बोलणं जास्त भाजलं असावं. ती उठली आणि माझ्या दाराला चापट मारून म्हणाली, "नाक कापलंस गं माजं."

मला ओढून आणून परसात लावलं. कुणीही हिला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. मेस्तरी नको, धुणं नको. माझ्या मागच्या शिटावर कोंबडी खुडूक बसली. अजिनाथ दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा, कधी काम मिळायचं, कधी नाही. आणि दसरा जवळ येत होता.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुकादम सहादेव आला. टोळ्या जमवायचे दिवस होते. ओट्यावर बसून त्याने पानाची चंची सोडली.

"मावशी, अजिनाथ-ज्योतीचा कोयता धरू का?" नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे कोयता म्हणतात. "पोरगी येईल संगं. तितं कारखान्यावर तोडणीवाल्यांच्या पोरांची साखरशाळा असती. आन ह्या डब्याचं म्हनाल तर भंगारवाला मी धाडून देतो."

लंकाबाईने माझ्याकडे पाठ फिरवली. अजिनाथ खाली बघून म्हणाला, "धरा, मामा. दुसरं काय हाय?"

तेवढ्यात परसाच्या दारातून भीमा मेस्तरी आला, खांद्यावर एक बॅटरी घेऊन. ज्योतीने सासूला न विचारता त्याला निरोप दिला होता.

"कुनी बोलीवलं ह्याला?" लंकाबाईचा आवाज चढला.

"मी," ज्योती म्हणाली. पहिल्यांदाच तिने मान खाली घातली नाही. "भंगारात घालायचीच हाय, तर एकदा बगू तरी द्या. सृष्टीची शाळा मोडायच्या आदी."

भीमाने कोंबडी उठवली, बॅटरी जोडली, आणि चावी अर्धी फिरवली. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली की माझे सगळे दिवे लागतात. नाथांचा चेहरा तांबूस उजळला.

लंकाबाई दारापाशी आली होती. ती हळूच म्हणाली, "अजून हाय की नाथ."

भीमाने तसबिरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आजी, हा असा उजेड घाटात पडायचा का?"

"रोज. चढाला यायचा, माथ्याव जायाचा."

भीमाने आधी हात कपड्याला पुसले. मग नाथांना नमस्कार केला आणि तसबिरीचं एक टोक नखाने अलगद सोडवलं. आत लाल दिवा होता. बाजूला उष्णतेच्या काट्याचं चित्र होतं.

"आजी, गाडीच्या आतलं पानी संपलं आन ती तापली, की हा लागतो. थांबा म्हनून सांगतो. उन्हाळाभर सांगत हुती ती तुमाला."

सहादेवने पान तोंडाजवळ नेलेलं तसंच धरलं. लंकाबाई त्या उघड्या दिव्याकडे बघत उभी राहिली, मग माझ्या उंच पायरीवर टेकली.

"जीव हाय का हिच्यात?" तिने विचारलं.

"इंजिन जाम न्हाई. वरचं हेड गेलंय. घासून आनू, नवी टाकी बसवू. चालंल. अजून लई वर्सं चालंल."

लंकाबाई उठली आणि सहादेवकडे वळली. शेजारच्या दोन बायाही कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, पण तिने आवाज खाली आणला नाही. "सहादेवा, भंगारवाल्याला धाडू नगं. गाडी खोटी न्हाई. मी तिचं त्वांड झाकलं हुतं. आन कोयत्याचं म्हनशील, तर माज्या घरातला एकबी कोयता तुज्या वहीत चढायचा न्हाई."

"मावशी, इचार करा—"

"केला. ज्योतीनं केला माज्या आदी. पान खा तू."

मित्रांनो, घराण्यातली ती माफी मागायला रस्त्यात जाणारी माणसं मला त्या क्षणी आठवली. ती जपानची आणि ही पाथर्डीकडची. पण छाती तीच.

दसऱ्याला मी पुन्हा रस्त्यावर आले. दोन दिवसांनी टोळ्यांचे ट्रक भरून श्रीगोंद्याकडे निघाले, तेव्हा मी सृष्टीला शाळेच्या दारात सोडत होते. नाथांची तसबीर आता वर आरशापाशी आहे. तिथून त्यांनाही रस्ता जास्त दिसत असेल. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघायचं काम ज्योतीने स्वतःकडे घेतलं आहे.

लोकांची मतं तीच आहेत. कुणी म्हणतं सोन्यासारखी, कुणी म्हणतं डिझेल पिते. म्हणू देत. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की गाडी असो, जातं असो, नाही तर घरातली न बोलणारी सून असो, ती काही सांगायला लागली की तिच्यावर काही चिकटवू नका. आधी ऐका. पूजा मागाहून करा, आम्ही कुठं जात नाही.

लंकाबाई अजून आठवड्याला एक खेप माझ्याबरोबर येते, पुढच्या शिटावर. घाट लागला की ती बोलायची थांबते. तिसरं वळण जातं, पाचवं जातं. ती त्या न लागलेल्या दिव्याकडे टक लावून बसलेली असते. माथा आला, वारा लागला, की हात जोडते.

नाथाला जोडते की मला, ते मी अजून विचारलेलं नाही.