दोघांची खुर्ची

“आला का कोणी?” फोनवर कासियनने विचारलं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

“आलं तर तुला सांगणार नाही का? कान नको खाऊस,” म्हणत बुर्गीने फोन ठेवला आणि पुढच्या जोडप्याच्या मागे खुर्ची अलगद टेकवली. “बसा. दांडा खाली घ्या.” जोडपं उचललं गेलं आणि हसत-खिदळत डोंगर चढू लागलं.

बर्फावर घसरायला आलेल्यांना तारेला टांगलेल्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणारी ही लिफ्ट. बुर्गी तिच्या खालच्या टोकाला, तिचा नवरा कासियन वरच्या. हिने माणसं बसवायची, त्याने उतरवायची. उन्हाळाभर एका गोठ्यात राबणारी ही जोडी, बर्फ पडला की दिवसभर एकमेकांच्या नजरेसही पडत नसे. लग्न झालं त्याच हिवाळ्यात दोघं या लिफ्टवर लागले. आता कासियनचा गुडघा दुखतो आणि बुर्गीचे केस पिकलेत, पण दोन जणांच्या या खुर्चीत ती दोघं एकदाही शेजारी बसली नव्हती.

बसणार कशी? लिफ्ट चालवायला दोन टोकांना दोन माणसं हवीत, आणि कंपनीने या लिफ्टवर नेमलेली माणसं ही दोनच. बदली आल्याशिवाय कोणालाच जागा सोडता येत नसे. किती साहेब आले, किती गेले! बुर्गीने प्रत्येकाला सांगितलं, “वर एक, खाली एक माणूस द्या. एक फेरी मारतो, बस्स.” प्रत्येक साहेबाने कोपराला गूळ लावला. हंगामाच्या शेवटच्या दिवशी नक्की, म्हणाले. शेवटचा दिवस उजाडला की ये रे माझ्या मागल्या.

यंदा मात्र पुढचं वर्ष नव्हतं. ईस्टर झाला की ही लिफ्ट मोडीत निघणार होती. तिच्या जागी आठ जणांची नवी येणार, वरच्या टोकाला कॅमेरा बसणार. म्हणजे कासियनला पुन्हा बोलावणं नाही. हे त्याला साहेबाने सांगितलं नाही, बेकरीवालीने सांगितलं.

आज हंगामाचा शेवटचा दिवस, म्हणून बुर्गीने लग्नातला लाल रुमाल गळ्यात बांधला होता. खिशात जेंशियनच्या, म्हणजे डोंगरातल्या कडू मुळांच्या, दारूची छोटी बाटली होती. सकाळी तो रुमाल बघून कासियन म्हणाला होता, “कोणाला पटवायला निघालीस, म्हातारे?” आणि मग स्वतःच आरशापुढे उभा राहून मिशी विंचरत बसला होता.

दुपार कलली. उतारावर बर्फाचा जेमतेम एक पट्टा उरला होता, बाजूने गवत वर आलं होतं. बदलीला कोणी आलं नाही. शेवटी तिनेच साहेबाला फोन लावला.

“अहो बुर्गीबाई, आज कसं शक्य आहे?” साहेबाच्या मागे बँड वाजत होता. “सगळी पोरं गच्चीवर बिअरची पिंपं लावतायत. समारोप आहे ना! पुढच्या वर्षी नक्की.”

“पुढच्या वर्षी ही लिफ्ट नाही, साहेब.”

“अं... हो की. मग नव्या लिफ्टमध्ये बसा! गाद्या गरम असतात तिच्या.”

“तिच्यात आठ जण बसतात,” बुर्गी म्हणाली.

“मग तर मजाच! चार वाजता बंद करा हं.”

तिला रडू फुटलं. इतकी वर्षं परक्या माणसांच्या मांडीवर दांडे ओढले, त्यांची चुंबनं बघून न बघितल्यासारखं केलं, आणि आपल्या वाट्याला एक फेरी नाही. तिने रुमालानेच डोळे पुसले आणि वर फोन केला.

कासियनने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी खाली येतो. तू लिफ्ट चालूच ठेव आणि बस माझ्याबरोबर. कोण बघतंय?”

“आणि थांबवणार कोण? तुझा बाप?”

“तो असता तर थांबवली असती,” कासियन म्हणाला. दोघांनाही हसू आलं.

शेवटचा माणूस वर उतरला. कासियनने वरच्या आपल्या खोपटाला कुलूप लावलं आणि तो रिकाम्या खुर्चीच्या डाव्या बाजूला बसला. खालून बुर्गीला तो येताना दिसला. उजवी बाजू मोकळी होती, तिच्यावर त्याचा हात होता.

खुर्ची खाली पोचली. तो सवयीने उठू लागला.

“उठू नकोस,” बुर्गी ओरडली. “बस तसाच!”

मोठ्या चाकाला वळसा घालून खुर्ची माणसं बसायच्या जागी आली, डोंगराकडे तोंड करून. बुर्गीने बटण दाबलं. चाक थांबलं, तार थांबली, वरपर्यंतच्या सगळ्या खुर्च्या एकदा झुलल्या आणि थांबल्या. ती चालत गेली, रुमाल नीट केला आणि त्याच्या शेजारी बसली.

“सरक जरा. अर्धी खुर्ची अडवलीयेस.”

तो सरकला. तिने बाटली काढली, दोघांनी एकेक घोट घेतला. मग कासियनने हात वर करून दांडा दोघांच्या मांडीवर ओढून घेतला.

“कुठवर जायचंय, बाई?” त्याने विचारलं.

“वरपर्यंत.”

लिफ्टच्या खोलीतला फोन वाजू लागला. बुर्गीने त्याच्या खांद्याला डोकं टेकवलं आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून घेतले.