बुडबुडा मधोमध

सासरे गवंडी. चाळीस वर्षांत त्यांची एकही भिंत कलली नव्हती, की बांधलेलं परत उखडायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. जावयाचा पिकअप मागून चार बोटं उंच होता आणि मागे जोडायच्या काँक्रीट-मिक्सरच्या ट्रेलरचा दांडा त्याहून खाली. हे सासऱ्यांना कुसळासारखं सलत होतं.

"रिकामी गाडी मागून उंचच असते, मामा. माल भरला की बसते."

"बांधलेली भिंत कधी बसलेली बघितलीत, जावईबापू?"

गाडी मागून खाली यावी म्हणून जावयाने मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींतले, भार पेलणारे दोन-दोन पोलादी पाटे काढले. सासऱ्यांनी रिकाम्या हौद्यात आपली सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध आला आणि ते प्रसन्न झाले.

मग मिक्सर जोडला, हौद्यात सिमेंटच्या वीस गोण्या चढल्या आणि पिकअपने मागे बैठक मारली. नाक आभाळाकडे.

सपाट रस्त्यावर निभावलं. घाटातला उतार लागला आणि जावयाच्या हातातलं स्टिअरिंग कापसासारखं हलकं झालं. वळवलं, तर गाडी आधी विचार करी, मग वळे. तेवढ्यात ट्रेलर शेपूट हलवू लागला. मिक्सर या आरशातून त्या आरशात जाऊ लागला. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते. नुसतेच शेंडे.

"ब्रेक मारा!"

"मारला तर ट्रेलर आडवा होईल!"

"मग नका मारू!"

लग्नाला अकरा वर्षं झाली, सासऱ्यांनी आज पहिल्यांदा त्याचं ऐकलं होतं. पण आनंद मानायला सवड नव्हती. त्याने गिअर खाली टाकला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि श्वास घ्यायचं राहूनच गेलं. शेपूट हलत राहिली, हलत राहिली... पुढे बारकासा चढ आला, तेव्हा कुठे ट्रेलर गप्प झाला.

गाडी थांबली. जावयाची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

सासऱ्यांनी उतरून चाकांना दगड लावले. सवयीने पाणसळ काढून बॉनेटवर धरली. बुडबुडा पळत पुढच्या टोकाला जाऊन बसला.

"ते पाटे फेकलेत का हो?"

"सीटमागे आहेत. पाना, जॅक सगळं."

सासऱ्यांनी पाणसळ बॉनेटवरून उचलून सीटवर ठेवली.

"आधी गोण्या उतरवू. मग माझं काम उखडू या."

उखडायची सवय नव्हती. पाना त्यांनी उलटा धरला. जावयाने तो त्यांच्या हातात सुलटा करून दिला.