नदीचा रंग

"बाबा, अजून निळा?" सुनेने विचारलं, तसा आप्पांचा हात ड्रॉपरवरच थबकला.

टेबलावर हातभर लांबीचा नदीकाठ तयार होता. दोन्ही तीरांवर दगड, मधल्या कोरड्या पात्रात बोटभर होडी. आता काचेसारखं घट्ट होणारं रेझिन रंगवून ओतलं, की त्याचं पाणी व्हायचं. समोर स्टुलावर नावाड्याची बायको बसली होती. नवरा गेला, पूल झाल्यावर होडीही मोडीत निघाली, म्हणून तिने ही प्रतिकृती करायला सांगितली होती आणि पाणी ओतताना बघायला मुद्दाम आली होती. आली नसती तर बरं झालं असतं, असं आप्पांना मनापासून वाटत होतं.

कारण कपातलं रेझिन त्यांना पिवळट दिसत होतं. एक डोळा ऑपरेशन बिघडून कायमचा गेला होता आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता. पुन्हा ऑपरेशन नको, म्हणून डॉक्टरकडे जाणंच ते टाळत होते. घरात त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. उभा जन्म अशाच प्रतिकृतींसाठी विमानांच्या छोट्या काचा, तळी, झरे ओतण्यात गेला. आता रंगच कळेनासा झालाय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"किंचित," असं म्हणत त्यांनी आणखी एक थेंब सोडला.

नावाड्याची बायको वाकून बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "भाऊ, रागावू नका. आमची नदी एवढी निळी नव्हती हो. ही तर शाई झाली."

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे हिला कधीचंच ठाऊक होतं तर! कप हातात तापायला लागला होता. म्हणजे रेझिन आता घट्ट होत जाणार, लगेच ओतायचं नाहीतर टाकायचं. सुकल्यावर फिकं होतं, अशी थाप सहज पचली असती. पण होडी कायमची त्या शाईत अडकली असती.

त्यांनी कप बाजूला सारला.

"मला रंग दिसत नाहीत हो नीट," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

आता रडू फुटतंय की काय, अशी त्यांना धास्ती वाटली. फुटलं नाही.

मग नवं मिश्रण केलं. थेंब सून टाकत होती, पुरे की नाही ते नावाड्याची बायको सांगत होती. थोडा हिरवा, त्यात टाचणीच्या टोकाएवढा मातकट. ओतायला मात्र आप्पांनी कुणाला दिलं नाही. बारीक धार धरून, होडीच्या कडेकडेने, एकही बुडबुडा उठू न देता त्यांनी पात्र भरलं.

नावाड्याच्या बायकोने डोळे पुसले. "हीच," ती म्हणाली. "पूर ओसरला की अशीच दिसायची. बघा ना, भाऊ." आनंदात ती विसरूनच गेली होती.

आप्पा वाकले. त्यांना जुन्या तेलासारखं काहीतरी पिवळं दिसलं आणि त्यात होडी.

"हो," ते म्हणाले. "अगदी तशीच उतरलीय."