तेवीस किलोची मुभा

मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, मला तुमची कीव नको. माझ्यावर गंज चढला होता, एक चाक तुटलं होतं, वजनमापे खात्याचा शिक्का शेवटचा कधी बसला ते मलाही आठवत नाही. पण आयुष्यात मी खोटं वजन दाखवलेलं नाही. म्हणून मान वर करून बोलतो.

दूरच्या एका कारखान्यात मला घडवलं. खाली जाड फळी, मागे उभा खांब, वर आडवी दांडी, तिच्यावर सरकणारा गोळा. शिवाय चार चाकं! चाकं बघून मला वाटलं, आपण आता जग फिरणार. तिसगावच्या बाजारपेठेत एका भुसार दुकानापुढे मला ट्रकमधून उतरवलं, आणि पुढची चाळीस वर्षं मी उंबऱ्यापासून गोण्यांच्या थप्पीपर्यंत फिरलो. बारा पावलं. चाकं असून बारा पावलं! याचा राग मला अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही.

दुकानाचे मालक कारभारी. माणूस सरळ, पण हट्टी. त्यांच्या वडिलांपासून दुकानात दोन नेम चालत आले. पहिला असा, की धान्य मोजताना पहिल्या गोणीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आणि एकदा 'लाभ' म्हटलं की मोजणी मधेच मोडायची नाही. दुसरा नेम म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन, ज्याला बारदान म्हणतात, ते वजा करायचं.

एकदा आसाराम नावाच्या शेतकऱ्याची बाजरी माझ्यावर चढत होती. चार गोण्या झाल्या आणि नगरहून फोन आला की भाव पडला. आसारामचं तोंड उतरलं. कारभारी म्हणाले, "लाभ म्हणलोय मी. आता मोजनी मोडत न्हाई. आन पाचवी." उरलेली सगळी बाजरी त्यांनी ठरल्या भावात घेतली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आला. ज्या काट्याला दर पाडव्याला हळदकुंकू लागायचं, त्याला मागच्या खोलीत ढकललं आणि वर रिकाम्या गोण्या टाकल्या. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मी चिडलो.

पण त्याच खोलीत कारभाऱ्यांची मुलगी ज्ञानेश्वरी अभ्यासाला यायची. नगरला नर्सिंग शिकली, तिथल्या दवाखान्यात कामाला लागली, आणि काम संपलं की तिथल्याच सावेडी भागातल्या क्लासात जपानी भाषा शिकू लागली. सुट्टीला घरी आली की माझ्या फळीवर मांडी घालून मोठ्याने घोकायची, "इची, नी, सान." चाळीस वर्षं लाभ, दोन, तीन ऐकलेल्या माझ्या लोखंडाला ते नवे आकडे गोड लागले. तिलाही चाकं होती मित्रांनो, आणि तिला बारा पावलांत राहायचं नव्हतं.

दोन वर्षांनी जपानहून पत्र आलं. एका वृद्धाश्रमात नोकरी, राहायला खोली. तिने पत्र वडिलांपुढे ठेवलं. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं.

"परक्याची म्हातारी सांभाळाया निघालीस," कारभारी म्हणाले. "आन आमी म्हातारं झाल्यावर?"

"तवा मी येईन आण्णा. तुमाला टाकून न्हाई चालले."

"नोकरी हितं न्हाई का?"

"हाय की. पन मला निस्ती नोकरी नको. मला तिकडं राहून बघायचंय. तिथला बाजार, तिथला बर्फ, तिथली मानसं. लहानपनापासून बघायचंय. आत्ता चोवीस वर्षांची हाय, आत्ता न्हाई तर कवा?"

"जायचं न्हाई."

"मी जानार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही. शाब्बास पोरी, असं मी मनात म्हटलं.

त्या दिवसापासून कारभारी तिच्याशी बोलेनात. तीन महिने एक शब्द नाही. व्हिसा आला, तिकीट आलं, तरी नाही. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते नव्या काट्याच्या खोलीला कुलूप लावून जेवायला बसले. पोरीने बॅगा मोजू नयेत म्हणून! मोठ्या माणसाचा रुसवा कधी कधी असा लहान होतो.

ज्ञानेश्वरी सरळ माझ्याकडे आली. गोण्या उपसल्या, सांध्यांत रॉकेल सोडलं, गंज पुसला, आणि तुटक्या चाकासकट मला ओढत ओढत उजेडात आणलं. बॅग उचलली तर ती फळीवर तिरकी पडली आणि माझी दांडी खणकन आपटली. चाळीस वर्षं ओळखीचा आवाज. कारभारी जेवणावरून उठून दारात आले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. नजर हटवली नाही. "तुमी कुलूप लावलं म्हनून मी र्‍हानार न्हाई, आण्णा."

कारभाऱ्यांची नजर तिरक्या बॅगेवर होती. काट्यावर तिरकं ओझं त्यांना कधीच बघवत नसे. ते वाकले, बॅग दोन्ही हातांनी मधोमध सरळ ठेवली, गोळा सरकवला, दांडी थरथरत स्थिर झाली, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं,

"लाभ."

ज्ञानेश्वरीच्या हातातलं फडकं खाली पडलं. काय बोलून गेलो ते कारभाऱ्यांच्या ध्यानात आलं. दारात त्यांची बायको सुरेखा पदर तोंडाशी धरून उभी होती. मी दांडी अशी धरून ठेवली की आयुष्यात तशी धरली नव्हती.

कारभारी परत दांडीवर वाकले. "किती मुभा हाय?"

"तेवीस किलो. एकेका बॅगंला."

"ही साडेचोवीस हाय. बॅगंचं बारदान वजा धरलं की बसंल."

ती रडता रडता हसली. "न्हाई आण्णा, इमानवाले बारदान वजा धरत न्हाईत. बॅगंसकट तेवीस."

"मंग लबाड हायत," कारभारी म्हणाले. स्वतः बॅग उघडून त्यांनी एक जाड ब्लँकेट बाहेर काढलं. सुरेखाने घातलेल्या शेंगदाण्याच्या चटणीला हात लावला नाही. मी बरोबर तेवीस दाखवले. मग दाराशी ठेवलेल्या दुसऱ्या बॅगेकडे पाहत ते म्हणाले, "दोन. आन ती दुसरी."

ती गेली. आता तिकडूनच तिचा फोन येतो. कारभाऱ्यांनी माझं चाक बसवून मला दुकानाच्या ओट्यावर ठेवलंय. तिथून रस्ता दिसतो. पंधरा पावलं झाली माझी!

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर गोण्या टाकू नका, तेलपाणी करा, एवढं तर मी मागणारच. पण शाळा सुटल्यावर ओट्यावर या आणि माझ्यावर चढा. कुठे जायचंय ते मोठ्याने सांगा, घाबरू नका. कारभारी गोळा सरकवतील आणि पहिला शब्द काय म्हणतील, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर मोजणी मोडत नाही.